वरवंटा दूध पितो तेव्हा



शहाडला येऊन देवाविरुद्ध बोलायचे म्हणजे बिर्लांनी बांधलेल्या विठ्ठलमंदिराच्या शेजारी उभे राहूनच बोलायचे. तरी मला संकोच वाटत नाही. कारण याच शहाडात रेयॉनचा कारखानाही आहे. लाकडाच्या लगद्यावर आधी कॉस्टिक सोड्याची आणि मग कार्बन डायसल्फाइडची क्रिया होते, त्यातून निघालेला दाट रस बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या द्रावणात सोडला जातो, आणि धागा तयार होतो. त्या आम्लाचे प्रमाण पाळीवरचा माणूस आस्तिक असो की नास्तिक, मोजूनच ठरवतो. दसऱ्याला यंत्राला हार घालतो खरा. पण हार घातला म्हणून मोजणे सोडत नाही. ही मोजण्याची सवय कारखान्याच्या फाटकाशीच का उतरवून ठेवावी, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

प्रश्न माझा नव्हे, जुनाच आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला आणि प्रत्येक रूढीला बुद्धीच्या दारात उभे केले. लोकांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५ च्या जूनमध्ये ते वारले. त्याला शंभर वर्षे उलटली आणि २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पिऊ लागले!

त्या दिवशी मी आईबरोबर रांगेत होतो. तिने चमचा सोंडेला टेकवला, दूध हळूहळू आटले आणि तिचे डोळे भरून आले. मीही पाहिले, खोटे कशाला बोलू? दूध चमच्यातून जात होते, यात शंका नाही. पण जात होते कोठे? काठोकाठ भरलेला चमचा ओल्या दगडाला टेकला, की पृष्ठताणामुळे दूध दगडाकडे ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते. पांढऱ्या संगमरवरावर पांढरा ओघळ दिसणार कसा? शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा तो सर्वांना दिसला.

घरी येऊन मी पाट्यावरचा वरवंटा धुऊन उभा केला आणि त्याला चमचा लावला. वरवंटाही दूध प्यायला. आईने क्षणभर पाहिले आणि म्हणाली, “बघ, म्हणजे वरवंट्यातसुद्धा देव आहे!”

उत्तर झकास होते. मला दोन दिवस त्यावर काही सुचले नाही. मग लक्षात आले, की खरी अडचण त्या उत्तरातच आहे. मूर्ती दूध प्यायली तर देव आहे. प्यायली नाही तर आपली भक्ती कमी पडली. वरवंटा प्यायला तर देव सर्वव्यापी आहे. काय घडले असते म्हणजे आई ‘देव नाही’ म्हणाली असती? काहीच नाही. मग जे घडले त्याला पुरावा कसे म्हणावे?

विज्ञानाची रीत पाहा. युरेनस गणिताने ठरलेल्या मार्गावरून ढळतो, म्हणून लव्हेरिये याने पलीकडे आणखी एक ग्रह असला पाहिजे असे मांडले, आणि १८४६ साली नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या मार्गातही थोडा फरक दिसला. त्याच विद्वानाने त्याच रीतीने सूर्याजवळ ‘व्हल्कन’ नावाचा ग्रह कल्पिला. तो काही सापडेना. १९१५ साली आइन्स्टाइनने त्या फरकाचे कारण सांगितले आणि व्हल्कनला कायमची रजा मिळाली. त्याच्यासाठी कोणी नवस बोलले नाही, की तो श्रद्धाळूंनाच दिसतो असेही कोणी म्हटले नाही.

“पण विज्ञानाला तरी सगळे कोठे कळले आहे?” असे मला नेहमी विचारतात. नाहीच कळले. पण माझ्या अज्ञानाने तुमचे म्हणणे सिद्ध होत नाही. न्यायालयात आरोपीला आपली हकिकत पटवता आली नाही, तरी फिर्यादीला आपला पुरावा आणावाच लागतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकर सांगत असत, की आमचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. एवढे जपून बोलणाऱ्या माणसाचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून खून झाला. जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर झाला. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून मी एक पाऊल पुढे जातो. बुवाला प्रश्न विचारायचा आणि देवाला मात्र वगळायचे, ही वाटणी मला जमत नाही. बुवा आपला अधिकार ज्याच्या नावाने सांगतो, त्याचीच चौकशी नको म्हणजे काय?

देवामुळे दुःखात आधार मिळतो, हे मात्र मी नाकारीत नाही. आई अखेरच्या आजारात पांडुरंगाचे नाव घेई आणि तिची तळमळ शमे. औषधे वेळेवर देण्याचे काम माझ्याकडे होते; नामस्मरणात मी कधी अडथळा आणला नाही. त्या नावाने तिचे मन शांत होई, हे खरेच. पण त्यावरून मला आईचे मन कळते, पांडुरंगाचे अस्तित्व नव्हे. एका रात्री तिने विचारले, “तुला एकट्याला भीती नाही वाटत?” मी म्हणालो, “वाटते.” तिने माझा हात धरला आणि उजाडेपर्यंत सोडला नाही.