तांबड्या गाईची खुशाली

लढाईच्या गोष्टी आपण बहुधा सैनिकाच्या तोंडून ऐकतो. आज मी घरी राहिलेल्या बायकोबद्दल बोलणार आहे.

माझं गाव सातारा जिल्ह्यातलं. एक घर सोडलं की दुसऱ्या घरातला माणूस पलटणीत. १९७१ साली मी सातवीत होते. आळीतल्या बऱ्याच बायकांना वाचता येत नसे, म्हणून फौजेतून आलेली पत्रं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं.

हे पूर्वापार चालत आलेलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी सैनिकांची पत्रं सरकारी सेन्सॉर तपासत. त्यांतले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही आहेत. लिहून द्यायला एक, तपासायला दुसरा, वाचून दाखवायला तिसरा. नवरा-बायकोच्या बोलण्यात इतकी माणसं!

आमच्याकडे तर पत्र बायकोला नसेच. मायना 'तीर्थरूप दादांस', मग पीकपाणी, बैल, भावकी. सासरे ओसरीवर, सासू उंबऱ्याशी आणि बायको माजघराच्या दाराआड. तिच्या वाट्याला शेवटची एखादी ओळ, 'मुलांच्या आईने तब्येतीस जपावे.' नाव नाहीच.

शेजारच्या वहिनींचे यजमान दर पत्रात तांबड्या गाईची खुशाली विचारत. पुढे ती गाय विकली, तसं कळवलंही. तरी चौकशी सुरूच. सासरे म्हणाले, "ह्याच्या ध्यानात कसं राहत नाही?" वहिनी गप्प. दुपारी मला गाठून हळूच म्हणाल्या, "पोरी, तेवढं गाईचं पुन्हा वाच." मग मला कळलं.

पत्त्यावर गाव नसे. नाव, नंबर, पलटण आणि '५६ ए.पी.ओ.' किंवा '९९ ए.पी.ओ.'. हे लष्करी टपालाचे आकडे. पहिल्याचं टपाल दिल्लीहून पुढे जाई, दुसऱ्याचं कलकत्त्याहून. माणूस बर्फात आहे की वाळवंटात, हे बाहेर कळू नये म्हणून ही व्यवस्था. ती घरालाही लागू होती.

३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं, १६ डिसेंबरला ढाक्याला शरणागती झाली. गावात पेढे वाटले. त्याच आठवड्यात वहिनींच्या घरी पत्र आलं. सगळे आनंदले. वहिनींनी दाराआडून एवढंच विचारलं, "तारीख काय घातलीय?" तारीख नोव्हेंबरअखेरची होती. कुणी काही बोललं नाही.

देशाची लढाई तेरा दिवसांत संपली. वहिनींची जानेवारीपर्यंत चालली. तारवाल्याची सायकल आळीत वळली की त्यांच्या हातातलं काम थांबे. अखेर पत्र आलं, पण अक्षर परकं. हाताला जखम झाल्यानं सोबत्यानं लिहिलं होतं. सासूबाईंना शंका, धीर द्यायला भलत्यानंच तर लिहिलं नसेल? मी वाचत शेवटी आले, 'तांबड्या गाईस जपावे.' वहिनी दाराआडून पहिल्यांदाच ओसरीवर आल्या आणि म्हणाल्या, "त्यांचंच हाय."

आज सीमेवरच्या जवानाचा चेहरा मोबाईलवर दिसतो. तारसेवा तर २०१३ साली बंदच झाली. तरी 'कुठं आहात?' या प्रश्नाला अजूनही उत्तर मिळत नाही, आणि फोन लागला नाही की घराचा जीव तसाच टांगणीला लागतो.

आपल्या घरात फौजेतली जुनी पत्रं असतील, तर ती रद्दीत देऊ नका. एकदा शेवटपर्यंत वाचा. पीकपाण्याच्या मजकुरात कुठंतरी तुमच्या आजीसाठी लिहिलेली एक ओळ सापडेल.