गोधडी शिवण्याची जागा

गोधडी शिवायला टेबलापेक्षा मोकळी फरशी सोयीची. सहा फूट लांब, चार फूट रुंद गोधडीसाठी तेवढी जागा आणि भोवती बसण्यापुरता वाव हवा. खाली चटई नको, ती टाक्यात अडकते. धुतलेली जुनी लुगडी, धोतरे एकावर एक ताणून अंथरावीत, कोपऱ्यांवर वजने ठेवावीत आणि मधून कडांकडे कच्चे टाके घालावेत. इथे घाई झाली की आतला थर गोळा होतो, आणि मग उसवण्यावाचून गत्यंतर नसते. उजव्या हाताने शिवणाऱ्यांना उजेड डावीकडून हवा, म्हणजे धावदोऱ्यावर हाताची सावली पडत नाही. ठिगळांचे तुकडे रंगानुसार जुन्या अभ्र्यांत भरावेत. सुया, अंगुस्तान, खडू झाकणाच्या डब्यात. उठताना सुया मोजाव्यात, घरात रांगते मूल असेल तर न चुकता.