म्हातारचळ की व्याधी?



वार्धक्यातील विसराळूपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु फ्रन्टोटेम्पोरल डिमेन्शिया या व्याधीत प्रारंभी स्मृती बहुधा शाबूत असते. बिघडते ते वर्तन किंवा वाणी. प्राग येथील डॉ. अर्नोल्ड पिक यांनी १८९२ साली अशा रुग्णाचे वर्णन केले. मेंदूचा कपाळामागील व कानशिलांजवळील भाग झिजत जातो. त्यासरशी संयम, भीड व माया ओसरतात. बहुधा ४५ ते ६५ या कर्त्या वयातच ती जडते. गिरगावच्या चाळीत नेकीने संसार केलेला गृहस्थ शेजाऱ्यांस अपशब्द बोलतो, पैसा उधळतो, पत्नीच्या दुखण्याचीही त्यास पर्वा उरत नाही. लोक म्हणतात, "म्हातारचळ लागला!"

आमचे सांगणे असे की, दोष देण्यापूर्वी परळच्या के. ई. एम. सारख्या रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञांस दाखवावे. व्याधी बरी करणारे औषध अद्याप नाही. तथापि निदान झाल्यास घरच्यांचा राग निवळतो व पैशाचे व्यवहार वेळीच सावरता येतात. अमेरिकन नट ब्रूस विलिस यांच्या कुटुंबीयांनी २०२३ साली हे निदान उघडपणे जाहीर केले. मग आपणच का लपवावे? अशा घरातील गृहिणीस एकटी पडू न देता आळीपाळीने रुग्णाजवळ बसावे; ज्ञातिधर्म तो हाच.