आमच्या बंड्याची चटई
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला ‘पाळीव प्राणी’ या विषयावर पाच मिनिटं दिली आहेत. एवढ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी फक्त आमच्या बंड्याच्या खाण्याच्या चटईबद्दल बोलणार आहे, कारण आपल्याकडे अजून काही घरांत मोठी कुत्री आहेत आणि तीही आता वयात आली आहेत.

बंड्या लॅब्रॅडॉर, वय १०, वजन तेव्हा ३८ किलो. नेरूळमधल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, कमरेचे सांधे झिजलेत. उड्या, जिने, बॉलमागे धावणं बंद. फिरणं कमी झालं आणि हा कंटाळून रात्री भुंकायला लागला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ते निमूट सोसलं, त्यांचे जाहीर आभार. मुलगी म्हणाली, “बाबा, लिक मॅट आणा.” म्हणजे खाचा असलेली रबरी चटई. त्यात दही वगैरे थापायचं, कुत्रं चाटत बसतं. डोकं गुंततं, पायांना त्रास नाही.

मी स्वस्तातली, तळहाताएवढी आणली. आपल्या गुळगुळीत टाइल्सवर ती सरकत गेली, तिच्यामागे बंड्या, आणि सोफ्यापाशी त्याचे मागचे दोन्ही पाय फाकले. जो ओरडला! दोन दिवस धड उभा राहिना. पोटाखाली टॉवेल धरून आम्ही दोघांनी त्याला लिफ्टपर्यंत नेलं. कुत्र्यांना लिफ्ट बंद करावी, असा विषय काही वर्षांपूर्वी सभेत निघाला होता. तेव्हा बंड्या नव्हता आणि मी बाजूने हात वर केला होता. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार अशी बंदी घालता येत नाही, हे मला नंतर समजलं. विषय बारगळला, नशीब माझं.

डॉक्टर म्हणाले, “आधी जमीन बघा, मग चटई.” तेव्हा शेजारच्या ताईंनी जुनी योगा मॅट दिली. बंड्याच्या गादीपासून खाण्याच्या जागेपर्यंत ती अंथरली. त्यावर तो आडवा पडतो आणि पुढच्या दोन पंजांमध्ये चटई येते. उभं राहून मान खाली घातली की भार पुढच्या पायांवर जातो. दुखऱ्या कुत्र्याला वीस मिनिटं ते जमत नाही. चटई मोठी, जड, सिलिकॉनची आणि खाली चोषक असलेली घ्या. चोषक टाइलला ओले करून दाबले तर धरतात, योगा मॅटवर धरत नाहीत, म्हणून चटईपुरती टाइल मोकळी ठेवा. खाचा उथळ असाव्यात. खोल खाचांतलं निघालं नाही की हा चटईच चावायला लागतो.

कापडी पट्ट्यांची हुंगायची चटईही आणली होती. त्यात दाणे लपवायचे आणि कुत्र्याने नाकाने शोधायचे. बंड्याला फार आवडली. पण नवी मुंबईचा जुलै! धुतली की तीन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो. ती आता दिवाळीनंतरच बाहेर निघते.

वर थापायचं ते रोजच्या खाण्यातूनच काढायचं, वरकड नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणारी कुत्री साधारण दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. आम्ही उकडलेला भोपळा किंवा बिनसाखरेचं दही थापतो. फोडणीचं काही नाही. कांदा, लसूण, मनुका त्यांना विषासारखे. पीनट बटर घेतलंत तर डब्यावर झायलिटॉल लिहिलेलं नाही ना, तेवढं बघा. आणि आपल्या गुडघेदुखीची गोळी अर्धी करूनसुद्धा देऊ नका.

बंड्या आता ३४ किलोवर आलाय. चटई बघायची असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर जरूर या. फक्त मुलांनो, येताना खिशात शेव आणू नका.