निळीचा तिसरा जन्म

(सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे. वीण आपली, नक्षी आपली. पण सुतावरच्या रंगाचे ज्ञान कोणाचे?

निळीचा इतिहास येथे बोलका आहे. ‘इंडिगो’ या नावातच भारत आहे. तिच्या सक्तीच्या लागवडीपायी नाडलेल्या चंपारण्यातील शेतकऱ्यांसाठी १९१७ मध्ये गांधीजी उभे राहिले. त्याआधीच, १८९७ पासून, जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली होती आणि निळीची शेती ओसरू लागली होती. हा निळीचा दुसरा जन्म.

तिसरा जन्म १९८३ चा. अमेरिकेत बर्ट एन्स्ले व सहकाऱ्यांनी स्यूडोमोनास जिवाणूची जनुके ई. कोलाय या जिवाणूत घातली. ई. कोलाय स्वतः इंडोल तयार करतो. नव्या विकराने त्यावर प्रक्रिया केली आणि हवेच्या संपर्कात नीळ उमटली. रासायनिक निळीच्या स्वस्ताईपुढे ही पद्धत तेव्हा टिकली नाही. परंतु संशोधन थांबलेले नाही. जिवाणूची नीळही रेणूने तीच असते; म्हणून डाईंगच्या सांडपाण्याची जबाबदारी टळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

खरा प्रश्न स्वामित्वाचा आहे. १९८० मध्ये आनंदमोहन चक्रवर्ती यांच्या जिवाणूमुळे अमेरिकेत सजीवावर पेटंट मिळू लागले. हळदीचे पेटंट १९९७ मध्ये आपण रद्द करविले, ते जुन्या ग्रंथांच्या पुराव्यावर. नव्या जिवाणूसाठी असा पुरावा कोठून आणणार? तेथे केवळ स्वतःचे संशोधनच कामी येईल. आपल्या मुलामुलींनी जीवशास्त्राकडे वळावे, ते यासाठी.