मागच्या गाडीचा ब्रेक

३५ वर्षें खडू हातीं धरलेल्या शाळामास्तरानें ब्रेकांविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु हा विषय मला रस्त्यानेंच शिकविला. आमचें बिडकीन हें छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. फाल्गुनांत नाथषष्ठीच्या दिंड्या याच वाटेनें पायीं जातात. गाळपाचा हंगाम सरला नसेल तर उसाचे ट्रॅक्टरहि याच वाटेनें धांवतात. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका सकाळीं, दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकानें दिंडी पाहून ब्रेक दाबला. ट्रॅक्टर थांबूं लागला, ट्रॉल्या थांबेनात. मागच्या ओझ्याच्या रेट्यानें ट्रॅक्टर आडवा झाला. डोक्यावर तुळस घेतलेली एक बाई हातभर अंतरावरून वांचली. चालकानें तर ब्रेक वेळेवर लावला होता. मग उणें कोठें होतें?

उत्तर मिळालें तें फार दूर. अमेरिकेंत मुलाकडे गेलों असतां, त्यानें आपल्या पिकअप गाडीला ट्रेलर जोडण्यासाठीं ब्रेक-कंट्रोलर बसविला, आणि मीं विजेरी धरली. त्या ट्रेलरच्या चाकाच्या ड्रमांत विद्युच्चुंबक असतो. वीज मिळतांच तो फिरत्या ड्रमाला चिकटूं पाहतो, त्याच्याबरोबर ओढला जातो, एक दांडा हलवितो, आणि तो दांडा ब्रेकचे शू ड्रमावर दाबतो. वीज किती द्यावयाची हें ठरविणारी लहानशी पेटी म्हणजे कंट्रोलर. ती चालकाच्या गुडघ्याजवळ बसते.

तिला चार तारा. पहिली बॅटरीच्या धन टोंकाकडून, वाटेंत सर्किट ब्रेकर घेऊन. दुसरी ऋण टोंकाकडे. तिसरी ब्रेक-दिव्याच्या स्विचाकडून, म्हणजे पेडल दाबल्याची वर्दी आणणारी. आणि चौथी मागें चुंबकांकडे जाणारी. मुलानें बॅटरी सोडवूनच कामास हात घातला. "बाबा, ही तिसरी तार चुकली, तर पुढच्याचें मन मागच्याला कळायचेंच नाहीं," असें तो म्हणाला.

मग मोकळ्या सपाट रस्त्यावर, ताशी ४० किलोमीटर वेगानें, त्यानें पेटीवरचा हातखटका दाबून पाहिला. चाकें अडकून घसरूं लागलीं तर वीज कमी करावयाची, ब्रेक मंद वाटला तर वाढवावयाची. शिवाय ट्रेलरवर एक निराळी बॅटरी होती. ट्रेलर हुकांतून सुटलाच, तर दोरीनें खटका ओढला जाऊन ती त्याचे ब्रेक लावते.

शाळेंत आपण शिकलों कीं गतिज ऊर्जा वजनाच्या प्रमाणांत, आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ओझें दुप्पट, तर थांबविण्याचें काम दुप्पट. वेग दुप्पट, तर चौपट. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर हें सारें काम एकट्या ट्रॅक्टरच्या चाकांवर पडतें. त्या सकाळचें उणें तें हेंच.

आमच्या ट्रॉलीला हीच पेटी हवी, असें नाहीं. तेलाच्या किंवा हवेच्या दाबानें चालणारे ब्रेकहि असतात. तत्त्व एकच: पुढच्याचा हुकूम मागच्यापर्यंत पोंचला पाहिजे. तोंवर चालकानें निदान ट्रॅक्टरचीं दोन्ही ब्रेक-पेडलें रस्त्यावर खटक्यानें जोडून घ्यावीं, ओझें बेताचें भरावें आणि उतारावर खालचा गिअर घ्यावा.

श्रोतेहो, आपल्या चहांतील साखर अशाच रस्त्यांनीं घरीं येते, आणि त्याच रस्त्यांवर दिंड्याहि असतात. ट्रॉली विकत घेणारा टायर पाहतो, पाटे पाहतो, रंगहि पाहतो. चाकांत ब्रेक आहे काय, हें त्यानें त्याआधीं विचारावें.