अनेक फॉर्म, एक टूलबार

मुंबईच्या मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी या उपनगरांत अनेक सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब आता संगणकावर ठेवले जातात आणि त्यासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये सभासद नोंद, देखभाल बिल, पावती, व्हाउचर असे निरनिराळे फॉर्म, म्हणजे माहिती भरण्याच्या खिडक्या, एकाच वेळी उघडे असतात. या सर्वांना पुरेल असा टूलबार, म्हणजे नेहमी लागणाऱ्या आज्ञांच्या बटणांची पट्टी, आखणे वरवर वाटते तितके सोपे नाही.

प्रत्येक फॉर्मला वेगळी पट्टी देणे प्रोग्रामरच्या सोयीचे असते. परंतु ‘सेव्ह’चे बटण बिलात पहिले आणि पावतीत तिसरे आले, की हिशेबनिसाच्या हाताला पडलेले वळण मोडते. म्हणून पट्टी मुख्य खिडकीवर एकच असावी आणि तिची आज्ञा सक्रिय, म्हणजे त्या क्षणी काम चालू असलेल्या, फॉर्मला लागू व्हावी. १९९८च्या व्हिज्युअल बेसिक ६ या प्रोग्रामिंग भाषेत मुख्य फॉर्मच्या ‘अ‍ॅक्टिव्हफॉर्म’ या गुणधर्माने हे साधता येई. गैरलागू बटण फिके करावे, काढून टाकू नये, कारण एक गेले की पुढची सगळी सरकतात. याउलट नामनिर्देशनासारखी आज्ञा, जी १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखालील सभासदांच्या नोंदवहीपुरतीच, म्हणजे ‘आय’ रजिस्टरपुरतीच, लागते, ती त्या फॉर्मवरच असलेली बरी.

लक्ष्य जितके लहान व दूर, तितका तेथे पोचायला वेळ अधिक, हा पॉल फिट्स यांचा १९५४ चा नियम नेहमीची बटणे मोठी करण्यासाठी सांगितला जातो; धोक्याची बटणे दूर ठेवण्यासाठीही तो तितकाच उपयोगी आहे, याचा मात्र बहुधा विसर पडतो. ‘सेव्ह’ला खेटून ‘डिलीट’ ठेवणे हा शुद्ध निष्काळजीपणा होय. पावतीच्या फॉर्ममध्ये तर ‘डिलीट’ कायमच फिके असावे. मधलाच पावती क्रमांक गहाळ झाला, तर लेखापरीक्षक खुलासा मागणारच. तेथे ‘रद्द’ हवे, ज्याने क्रमांक शिल्लक राहतो आणि नोंदीवर शेरा पडतो.

एकच हिशेबनीस पाच-सहा संस्थांची कामे पाहतो तेव्हा ‘प्रिंट’ हे बटण सर्वांत फसवे ठरते, कारण बिले सगळ्या संस्थांची सारखीच दिसतात. अशा ठिकाणी चालू संस्थेचे नाव पट्टीवरच, ‘प्रिंट’च्या शेजारी, ठळक अक्षरांत असावे.